कापड शिकायचंय? मग आधी चिंधी उसवून बघा

टेक्स्टाईलला नवीन आलेली किंवा मर्चंडायझिंगला लागलेली मुलं विचारतात की सुरुवात कुठून करू. माझं म्हणणं, पुस्तक उघडायच्या आधी पिक ग्लास (धागे मोजायचं छोटं भिंग) आणि एक सुई घ्या आणि तीन चिंध्या जमवा, शर्टाची, टीशर्टची आणि दुकानात मिळते त्या नॉनवोव्हन (न विणलेल्या) पिशवीची, आणि धागा ओढून बघा.

शर्टाच्या चिंधीतून उभे आणि आडवे असे दोन्हीकडून धागे निघतात. उभे म्हणजे ताणा, ते बीमवरून (ताणा गुंडाळलेल्या रुळावरून) येतात, हिल्डच्या फ्रेमा (ताण्याचे धागे ओवलेल्या चौकटी) त्यातले काही वर काही खाली करतात, मधल्या फटीतून बाणा म्हणजे आडवा धागा जातो आणि फणी त्याला ठोकून बसवते. धोटा असो, रेपिअर असो की एअरजेट, बाणा न्यायची पद्धत तेवढी बदलते, बाकी तत्त्व तेच. ताण आणि घासाघीस ताण्यालाच जास्त सोसावी लागते म्हणून त्याला खळ देतात, आणि हे खळ देणं म्हणजे सायझिंग नीट नसेल तर मागावर दिवसभर ताण्याची तार तुटत राहते, म्हणून हा विभाग मन लावून शिका. प्लेनची साधी वीण दोन धाग्यांत पुरी होऊन पुन्हा तशीच सुरू होते, तिरप्या रेघांच्या ट्विलला कमीत कमी तीन लागतात, सॅटिनला साधारण पाच. ४० बाय ४०, १३२ बाय ७२ असं कन्स्ट्रक्शन दिसलं तर पहिले दोन आकडे ताण्या-बाण्याचे काउंट (सूत किती जाड-बारीक ते सांगणारा आकडा), पुढचे दोन इंचातले उभे-आडवे धागे. कॉटनमध्ये काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक, हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसवा. इचलकरंजीजवळ राहत असाल तर फारच उत्तम, १९०४ पासून तिथे पॉवरलूम आहेत, ओळख काढा आणि चालत्या मागाशेजारी तासभर उभे राहा.

टीशर्टचं गणित वेगळं. तिथे फासात फास अडकवलेला असतो, फास ताणले जातात म्हणून कापड ताणतं. सिंगल जर्सी (टीशर्टचं नेहमीचं एकेरी विणीचं कापड) कापली की कडा गुंडाळतात, रिब आणि इंटरलॉक ही दुहेरी विणीची कापडं सपाट राहतात, कटिंग टेबलवर हा फरक लगेच कळतो. इथे भाषा जीएसएमची, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा काढायचा, ग्रॅममधलं वजन गुणिले १००, झालं. निटिंगमध्येच, म्हणजे या फासांच्या विणकामात, करिअर करायचं असेल तर तमिळनाडूतल्या तिरुपूरला, या कामाच्या मोठ्या केंद्रात, जायची तयारी ठेवा.

आता पिशवी. धागा निघणारच नाही, कारण तिथे सूत नसतंच. वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे तंतू पट्ट्यावर पसरवून गरम रोलरखाली दाबतात, पिशवीवर बारीक ठिपके दिसतात ना, ते चिकटवल्याचे ठसे, याला स्पनबॉन्ड म्हणतात. दुकानदार तिला कापडी म्हणतात पण ती प्लास्टिकच असते, आणि आपल्या फील्डमधल्या माणसाने हे लोकांना सांगायलाच हवं असं मला वाटतं. सर्जिकल मास्कमध्ये मधला गाळणारा थर मेल्टब्लोनचा (गरम हवेच्या झोताने तंतू ओढून केलेल्या नॉनवोव्हनचा) असतो, त्याचे तंतू कितीतरी बारीक. जिओटेक्स्टाईलमध्ये (रस्ते-बांधांच्या मातीत घालतात त्या कापडात) बऱ्याचदा नीडल पंच दिसेल, म्हणजे काटेरी सुयांनी तंतू एकमेकांत गुंतवतात.

प्रत्येक चिंधी वहीत चिकटवून शेजारी वीण, काउंट, जीएसएम लिहून ठेवा, इंटरव्ह्यूला जाताना ती वही बरोबर न्या.