जुन्या होंडाच्या डिस्कला भोकं पाडताना

१९६९ च्या होंडा सीबी७५० या मोटरसायकलला पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होता. सत्तरच्या दशकातल्या अनेक जपानी मोटरसायकलींवर तशीच जाड, सपाट, बिनभोकांची स्टेनलेस डिस्क आली. कोरड्या रस्त्यावर ती चांगली चालते. पावसात मात्र पॅड आणि डिस्कमध्ये पाण्याचा पापुद्रा धरतो; लिव्हर दाबल्यावर आधी काहीच होत नाही आणि मग ब्रेक एकदम लागतो. भोकं पाडायची ती यासाठी. वजन कमी होईल म्हणून पाडत असाल तर हिशोब बघा: ७ मिमी जाडीत ६ मिमीचं एक भोक म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम. ७२ भोकांत ११० ग्रॅम जातात आणि उष्णता झेलणारा धातूही तेवढाच घटतो.

आधी धातू ओळखा. नॉर्टन कमांडो आणि त्या काळच्या ट्रायम्फची डिस्क बिडाची, वर क्रोमचा मुलामा. तिला घरी भोकं पाडू नका: बीड ठिसूळ, तडा भोकापासूनच सुरू होतो आणि क्रोमही सुटतं. लोहचुंबक इथे उपयोगाचं नाही, कारण ते या जातीच्या स्टेनलेसलाही चिकटतं. मुलामा नसलेल्या कोपऱ्यावर पाणी टाकून रात्रभर ठेवा. बिडावर सकाळी तांबेरा दिसेल.

मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजा. डिस्कवर कोरलेल्या किंवा मॅन्युअलमधल्या किमान जाडीच्या जवळ आली असेल, तर तिच्यावर मेहनत वाया घालवू नका.

खरं काम आखणीचं आहे. पॅड जिथे घासतो तो पट्टा मार्करने रंगवा, चाक फिरवून ब्रेक लावा आणि पुसल्या गेलेल्या भागाची रुंदी घ्या. समजा २९६ मिमी व्यासाच्या डिस्कवर ती ४२ मिमी आली. भोक ६ मिमीचं. एका ओळीत सहा भोकं; प्रत्येक पुढचं भोक आधीच्यापेक्षा ५.५ मिमी बाहेर आणि ६ अंश पुढे. अशा बारा ओळी, दर ३० अंशांवर एक. ५.५ हा आकडा मुद्दाम ६ पेक्षा कमी ठेवलाय: भोकांच्या वाटा एकमेकींवर चढतात, त्यामुळे दोन्ही कडांचे चार-चार मिमी सोडले तर पॅडचा कुठलाच भाग भोकाशिवाय राहत नाही. सगळी भोकं दोन-तीनच वर्तुळांवर घेतली तर पॅडवर रांगोळीसारखे उंचवटे उठतात आणि डिस्कवर चर पडतात. या मांडणीत शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर १३ ते १५ मिमी येतं. ते १२ च्या खाली जाऊ देऊ नका, आणि डिस्कच्या दोन्ही कडांपासून भोकाच्या कडेपर्यंत किमान ५ मिमी सोडा. बारा ओळी सारख्या असल्या की बॅलन्सचा प्रश्नच उरत नाही.

कागदी साच्यावरून हाताने पंच मारणं टाळा. डिव्हायडिंग हेडवर (जॉब मोजक्या अंशांत फिरवणारं साधन) ६ अंश म्हणजे ४०:१ च्या हँडलचा दोन तृतीयांश फेरा, अर्थात त्याच्या प्लेटवरच्या १८ भोकांच्या वर्तुळावर १२ घरं. भोसरीत किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत जॉबवर्क देणार असाल, तर ड्रॉइंगवर हे आकडे लिहून द्या. तोंडी सांगू नका.

बिट साधा एचएसएस (हाय-स्पीड स्टील) नको. ५ टक्के कोबाल्टचा, आखूड घ्या. डिस्कखाली सपाट ॲल्युमिनियमची प्लेट, चारी बाजूंनी क्लॅम्प. आधी स्पॉट ड्रिलने (आखूड, ताठ बिट) जागेची खूण, मग एका दमात ६ मिमी. वेग ५०० ते ६०० आरपीएम, कटिंग ऑइल सतत. दाब ठाम हवा: बिट नुसता घासत राहिला की धार जाते आणि भोकाचा तळ तापून कडक होतो. दोन्ही धारांतून सलग चुरा निघत असेल तर बरोबर चाललंय. चुरा निळा पडला किंवा बिट किंचाळला की थांबा, धार बघा. भोक आरपार होताना हात हलका करा. बहुतेक बिट तिथेच मोडतात.

प्रत्येक भोकाला दोन्ही बाजूंनी अर्धा ते एक मिमी चॅम्फर द्या, म्हणजे कड तिरकी कापा; त्यासाठीचा शंकूच्या आकाराचा काउंटरसिंक बिट २०० आरपीएमच्या खाली. कंटाळवाणं काम आहे आणि सर्वांत जास्त टाळलं जातं तेही हेच. धारदार कड पॅडला किसणीसारखी सोलते, आणि तडा जातो तो तिथूनच.

नंतर फेस ग्राइंडिंग करून घ्या (डिस्कच्या सपाट बाजू मशीनवर घासणं), पण बर, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेले धातूचे काटे, आणि चर जाण्यापुरतंच. डिस्क हबवर चढवून डायल गेज लावा: जुन्या होंडांना रनआउटची (फिरताना डिस्क डावी-उजवी डुलण्याची) मर्यादा ०.३ मिमी आहे, आपण ०.१ च्या आत राहावं. जाडीतला फरक ०.०२ मिमीच्या वर गेला तर लिव्हर बोटांखाली धडधडतो. डीपी टेस्ट (रंगीत द्रव मुरवून बारीक तडे शोधणारी डाय पेनिट्रंट चाचणी) करून मगच ब्रेक क्लीनरने धुवा.

पॅड नवेच घाला, जुन्यांवर आधीच्या डिस्कचे चर असतात. मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ किमी वेगापर्यंत वीसेक वेळा हळूहळू ब्रेक लावा, मध्ये गार होऊ द्या, गाडी पूर्ण थांबवू नका. पॅड आता लवकर झिजतील. ५०० किमीनंतर भिंगातून दोन भोकांमधली जागा तपासा. केसाएवढी रेघ दिसली तरी डिस्क भंगारात.