मोठ्या संख्येला ७, ११, १३ नं भाग जातो का?

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात, कापूसवेचणीवरून आई येईस्तोवर ओसरीवर बसणाऱ्या पोरांना मी हे शिकवते. पाटीवर लिहा: २,४५,१८,५८५. लाख-कोटीचे स्वल्पविराम आता विसरा; उजवीकडून तीन-तीन अंक तोडा. ५८५, ५१८, २४. मग आळीपाळीनं वजा-अधिक: ५८५ − ५१८ + २४ = ९१.

९१ म्हणजे ७ × १३. म्हणून मूळ संख्येलाही ७ आणि १३ नं भाग जातो, ११ नं नाही. का? कारण ७ × ११ × १३ = १००१, आणि हजार त्याहून फक्त एकनं कमी. मला तर हा १००१ फार प्रिय! उत्तर ऋण आलं तर चिन्ह सोडून तपासा. शून्य आलं तर तिघांनीही भाग जातो.

शेवटी ५, म्हणजे ५ नंही जातो. अंकांची बेरीज ३८, तेव्हा ३ नं नाही.