ब्रीडिंग टँकमध्ये खाली वाळू-खडी टाकायची की नाही?

माशांच्या ब्रीडिंगसाठी, म्हणजे अंडी-पिल्लांसाठी, वेगळा टँक लावायचा म्हटलं की पहिल्यांदा सगळे हेच विचारतात, खाली काय टाकू? माझं म्हणणं सरळ आहे, आधी काहीच टाकू नका. रिकामी काच ठेवा आणि मग बघा आपल्या माशाला खरंच तळाशी काही लागतंय का. काही माशांना लागतं, आणि त्यांना ते द्यायलाच पाहिजे, ते पुढे सांगतो.

काहीच नको असं का म्हणतो, तर पिल्लांचं खाणं. पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला घालावं लागतं, बेबी ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारख्या बारीक जिवाची पिल्लं) असो की बारीक पावडर, आणि त्यातलं सगळं काही ती खात नाहीत. उरलेलं खाली जातं, खडी असेल तर दोन दाण्यांच्या मधे जाऊन बसतं आणि वरून टँक अगदी स्वच्छ दिसतो. दोन दिवसांनी एखादा खडा उचलून बघा, खाली पांढरी कापसासारखी बुरशी धरलेली असते. ते सडलं की पाण्यात विषारी अमोनिया वाढतो, मोठा मासा थोडा फार सहन करतो पण आठवड्याभराची पिल्लं पटापट जातात. बेअर बॉटम, म्हणजे रिकाम्या तळाच्या टँकमध्ये तीच घाण समोर काचेवर दिसते, एअर पंपाची बारीक नळी घ्यायची, तिनेच सायफन करायचा म्हणजे घाण पाण्यासकट ओढून घ्यायची आणि पाणी पांढऱ्या बादलीत काढायचं. बादली पांढरीच घ्या, चुकून ओढली गेलेली पिल्लं त्यात लगेच दिसतात आणि परत सोडता येतात.

फायटर म्हणजे बेट्टाच्या बाबतीत तर मी खडीला ठाम नाहीच म्हणेन. मी पहिल्यांदा ब्रीडिंग केलं तेव्हा टँक रिकामा बरा दिसत नाही म्हणून खाली खडी टाकली होती. नराने बुडबुड्यांचं घरटं छान केलं, नर-मादीची मिठी झाली, अंडी पांढऱ्या दाण्यांसारखी खाली पडायला लागली, नर एकेक तोंडात धरून वर नेऊन घरट्यात चिकटवत होता, पण निम्मी तरी खडीच्या फटीत गेली आणि तो बिचारा तोंड खुपसून खुपसून शोधत राहिला, मला बघवेना. पुढच्या वेळेस रिकामी काच आणि पाच-सहा इंचच पाणी ठेवलं, पडलेलं प्रत्येक अंडं त्याला सापडत होतं. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं पण पहिले दोन-तीन दिवस घरट्यातून सारखी खाली पडतात आणि बाप त्यांना उचलून वर ठेवतो, म्हणजे खडीने पिल्लांच्या वेळेसही नुकसानच.

झेब्रा डॅनिओ, बार्ब, बरेचसे टेट्रा यांचं उलटं आहे, हे अंडी विखरून टाकतात आणि मागे वळून स्वतःच खातात. इथे अंडं माशाच्या तोंडाला लागणारच नाही अशी जागा हवी. काचेच्या गोट्या, आपण लहानपणी खेळायचो त्या, तळाशी दोन थरात पसरा, अंडी फटीतून खाली जातात आणि मासा तिथे पोचत नाही. पाणी चार-पाच इंचच ठेवा म्हणजे अंडं खाली जाईपर्यंत खाल्लं जाणार नाही. गोट्या नसतील तर प्लास्टिकची जाळी किंवा जावा मॉसचा (पाण्यातल्या शेवाळासारख्या झाडाचा) जाड थर पण चालतो. अंडी दिली की आई-बाप लगेच बाहेर काढा आणि गोट्या हलक्या हाताने हलवून काढून घ्या.

एंजल आणि डिस्कस टँकमध्ये उभ्या ठेवलेल्या पाटीवर, कोनवर (शंकूवर) किंवा रुंद पानावर अंडी चिकटवतात, त्यांना तळाशी काही नको. थेट पिल्लं देणाऱ्या गप्पी-मॉलीला पण नको, पाण्यावर तरंगणारी झाडं आणि मॉस भरपूर द्या, पिल्लं तिथे लपतात.

आता ज्यांना लागतंच ते. शंखात राहणारे टांगानिका तळ्यातले छोटे सिक्लिड, मल्टी म्हणतात ते, शंखाखालची वाळू उकरून शंख अर्धा पुरतात, ते त्यांचं घर लावणं आहे, त्यांना दोन इंच तरी बारीक वाळू द्याच. कॉन्व्हिक्ट सिक्लिड खड्डा करून पिल्लं तिकडे हलवतात. निसर्गात वर्षभरही न जगणारे आफ्रिकेतले नोथोब्रांकियस किलिफिश तळातल्या मऊ थरातच अंडी देतात, त्यांना उकळून गार केलेलं पीट मॉस (कुजलेल्या शेवाळाचा भुगा) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) वाटीत घालून ठेवायचं, मग अंडी असलेला तो थर गाळून, पिळून, नुसता ओलसर ठेवून पिशवीत काही आठवडे ते काही महिने जपायचा आणि नंतर पाण्यात टाकायचा, म्हणजे अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात. कोरीडोरास मासे अंडी काचेवर किंवा पानांवर चिकटवतात पण तोंडाच्या मिशांनी सारखं तळ चाळतात, धारदार खडीने मिशा झिजतात, त्यांना वाळूचा पातळ थर पुरे.

वाळू-खडी कुठलीही असो, टाकण्याआधी त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, पाणी कडक (जास्त क्षारांचं) होणार आणि पीएच म्हणजे पाण्याचा अल्कलीपणा चढणार. टांगानिकाच्या माशांना ते चालतं, पण टेट्रा आणि डिस्कसची अंडी मऊ पाण्यातच नीट फुटतात. शोभेसाठी मिळते ती पांढरी मार्बल चिप्स म्हणजे चुनखडीच, ती मऊ पाण्याच्या ब्रीडिंगला अजिबात नको.

रिकाम्या तळाच्या दोन अडचणी मात्र आहेत. एक म्हणजे खडीवर अमोनिया संपवणारे जे उपयोगी बॅक्टेरिया राहतात ते इथे नसतात, म्हणून स्पंज फिल्टर आधी तीन-चार आठवडे जुन्या चालू टँकमध्ये लावून ठेवा आणि मगच इकडे आणा, नवा कोरा स्पंज लावून पिल्लं टाकू नका. दुसरी म्हणजे खालची काच आरशासारखी चमकते आणि जोडी घाबरून कोपऱ्यात बसते, तर टँकच्या बाहेरून खाली गडद कागद लावा. आमच्या एंजलची जोडी कागद लावल्यावर दुसऱ्याच दिवशी अंडी द्यायच्या तयारीत पाटी घासायला लागली होती.

काचेवर बुळबुळीत थर येतो तो रोज बोटाने किंवा जुन्या मऊ स्पंजने पुसून घ्या, पिल्लं तळाला टेकून बसायच्या वयात असतील तर हे चुकवू नका. पुसून झाल्यावर थोडं थांबा, घाण बसू द्या आणि मग सायफन लावा.