ब्लॉकमधील स्टड काढताना या चुका टाळा

आखाजी उरकली की पेरणीच्या तोंडावर खानदेशातील गॅरेजांमध्ये ट्रॅक्टरची आणि विहिरींवरच्या डिझेल पंपांची इंजिने उघडली जाऊ लागतात. हेड (इंजिनाचे वरचे झाकण) उतरवले, त्याखालचे गॅस्केट (गळती रोखणारा पातळ थर) काढले, इथपर्यंतचे काम बहुतेकांना जमते. मात्र ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या मुख्य ठोकळ्यात, घट्ट बसलेले स्टड (हेड धरून ठेवणारे, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) काढताना घाई होते आणि त्या घाईची किंमत स्टडऐवजी ब्लॉकला मोजावी लागते.

पहिली चूक म्हणजे गरज नसताना स्टड काढणे. केवळ गॅस्केट बदलायचे असेल तर स्टड जागेवरच राहू द्यावेत. ब्लॉकचा फेस (वरचा पृष्ठभाग) मशीनवर सपाट करून घ्यायचा असेल, आटे खराब झाले असतील, स्टड ताणून मानेशी बारीक झाला असेल किंवा त्याच्या मुळातून पाणी झिरपत असेल, तरच त्याला हात लावावा.

दुसरी आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे सरळ पाइप पाना किंवा व्हाइस ग्रिप लावणे. पान्याचे दात स्टडच्या गुळगुळीत अंगावर खोल ओरखडे उमटवतात. इंजिन चालू असताना प्रत्येक स्फोटाबरोबर स्टडवर ताण येतो, आणि तडा नेमका अशा ओरखड्यापासून सुरू होतो. म्हणून दातांनी पकडून काढलेला स्टड वरून धडधाकट दिसला तरी तो पुन्हा बसवू नये. योग्य पद्धत दोन नटांची आहे. तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करावेत, त्याच पिचचे (आट्यांमधले अंतर तेवढेच असलेले) दोन पूर्ण उंचीचे नट चढवावेत, खालचा नट एका रिंग पान्याने धरून वरचा त्यावर कसून आवळावा आणि मग स्टड सोडवण्यासाठी पाना खालच्या नटाला लावावा. अनेक जण सवयीने वरचा नट फिरवतात. त्यामुळे नटांची जोडी सुटते आणि स्टड जागचा हलत नाही. वरचा नट स्टड आवळताना वापरायचा असतो. दोन नट मावण्याइतके आटे वर नसतील, तर कोलेट पद्धतीचा (गोल चिमट्यासारखा आवळणारा) स्टड एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे स्टड काढण्याचे हत्यार, वापरावा, कारण तो स्टडला चारही बाजूंनी सारखा धरतो.

तेलाला वेळ न देणे ही तिसरी चूक. गंज सोडवणारे तेल संध्याकाळी मुळाशी सोडावे, वर जुना नट चढवून पितळी हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि पाना सकाळी लावावा. सुरुवातीला स्टड किंचित आवळून मग सोडवावा आणि मागेपुढे करत थोडा थोडा बाहेर घ्यावा. काम सुरू करण्यापूर्वी स्टडच्या मुळाशी, ब्लॉकपर्यंत जाणारी खडूची एक उभी रेघ ओढून ठेवावी. नट फिरत असूनही मुळाशी रेघ तुटत नसेल, तर स्टड सुटत नसून पीळ खात आहे. त्या क्षणी हात थांबवलाच पाहिजे. पान्याला पाइप जोडून जोर वाढवला की स्टड तुटतो.

तेलाने भागले नाही तर उष्णता द्यावी, पण ती स्टडला नव्हे, त्याच्याभोवतीच्या बिडाला. स्टड लाल होईपर्यंत तापवला तर त्याच्या पोलादाला दिलेले पाणी (कणखरपणा) उतरते आणि तो परत वापरण्याजोगा राहत नाही. ज्योत लावण्यापूर्वी डिझेल आणि तेल पुसून घ्यावे. ओले लायनर (बाहेरून पाणी फिरणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या) बसलेले असतील तर त्यांच्या खालच्या रबरी रिंगा जळतात, म्हणून लायनर आधी काढावेत. ब्लॉक सावकाश, गोलाकार ज्योत फिरवत तापवावा आणि कोमट होत असताना मुळाशी मेणबत्तीचे मेण टेकवावे. ते वितळून आट्यांमध्ये शिरते. तापलेल्या ब्लॉकवर पाणी ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण बीड तडकते. आटे सैल होऊ नयेत म्हणून वापरतात तो लाल रंगाचा लॉकिंग द्रव लावलेला असेल तर सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते.

विहिरीचेच पाणी जॅकेटमधून (ब्लॉक थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीतून) फिरवणाऱ्या पंपांच्या इंजिनांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. काही ब्लॉकमध्ये स्टडची भोके पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात, त्यामुळे आटे आतून गंजतात. अशा वेळी पाणी आधी पूर्ण काढावे आणि परत बसवताना आट्यांना सीलंट (गळती रोखणारा लेप) लावावे.

तरीही स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर उरला असेल, तर त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग करावे. पकडही मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो. तो आतच तुटला असेल तर नेमक्या मध्यावर पंच मारून डाव्या पिळाच्या ड्रिलने भोक पाडावे. त्या भोकात घालून तुकडा फिरवून काढण्याचे हत्यार म्हणजे ईझी-आउट. त्यावर जोर देऊ नये. एकदा घाईत माझ्या हातून ईझी-आउट आतच तुटला. त्याचे पोलाद इतके कठीण असते की साधे ड्रिल त्याला लागेना आणि अख्खा ब्लॉक ट्रॉलीत घालून जळगावला न्यावा लागला.

आटे साफ करताना कापणारा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवल्यास चांगले धातूही निघून जाते. त्याऐवजी जुन्या स्टडला करवतीने उभी खाच पाडून तोच फिरवावा. तळ बंद असलेल्या भोकांत तेल किंवा पाणी राहू देऊ नये. त्यावर स्टड आवळला की द्रव दाबला जात नाही आणि ब्लॉकला चीर पडते. भोक हवेने फुंकून कोरडे करावे, काढताना पुठ्ठ्यावर क्रमाने टोचून ठेवलेला त्याच जागेचा स्टड घ्यावा आणि तो तळाला टेकेपर्यंत हातानेच बसवावा.