वेंगुर्ल्याचं पान लिहायचं तर आधी कोलंबसचं वाचा

लेकीकडे अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा मी तिच्या शहराचं विकिपीडियावरचं पान उघडलं. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे कुठेही जायचं तर आधी त्या जागेबद्दल वाचायची खोड आहे. कोलंबस शोधलं, निम्मं पान वाचलं, थोडं टिपूनही घेतलं आणि फोनवर लेकीला ऐकवलं. ती हसत सुटली. "आई, ता नाय गो! ता ओहायोतला."

तिचं कोलंबस इंडियाना राज्यातलं. बार्थोलोम्यू काउंटीचं मुख्य ठिकाण, २०२० च्या जनगणनेत वस्ती ५०,४७४. आपल्या हिशेबात मोठं तालुक्याचं गाव. त्या पानाने माझ्यापुढे जे शहर उभं केलं ते मात्र नुसतं इमारतींचं होतं. एलिएल सारिनेन या वास्तुविशारदाने आराखडा केलेलं १९४२ चं चर्च, त्याचा मुलगा ईरो याने आराखडा केलेलं १९६४ चं षटकोनी चर्च, वास्तुविशारद आय. एम. पेईचं वाचनालय आणि त्यासमोर शिल्पकार हेन्री मूरची भलीथोरली कमान. अग्निशमन केंद्रसुद्धा रॉबर्ट व्हेंचुरीसारख्या नामांकित वास्तुविशारदाचं. मी जाताना मनाशी धरून गेले की रस्त्यात लोक माना वर करून चालत असतील.

तिथे चार महिने राहिले. लेक दर आठवड्याला नातवाला गोष्टीच्या तासाला वाचनालयात नेते. ती इमारत पेईची आहे हे तिला मी सांगितलं, सहा वर्षांनी! तिचं कोलंबस म्हणजे जावयाची इंजिनाची कंपनी, शहराच्या वेशीपर्यंत येऊन भिडलेला मका, आणि शनिवारी कुणाच्या तरी घरी जमणारी पुण्याकडची चार-पाच कुटुंबं. पुण्याकडची का, तर कमिन्स ही कंपनी कोलंबसमध्ये १९१९ साली सुरू झाली आणि १९६२ पासून ती पुण्यातही आहे. गोठवलेल्या खोबऱ्याचे मोदक मी त्या शहरात खाल्ले. पानावर त्यांचा उल्लेख नाही, आणि असायचं कारणही नाही.

पानावरचं काही खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. परत आल्यावर आमच्या वेंगुर्ल्याचं पान नीट करायला बसले तेव्हा कोलंबसच्या पानाची सगळ्यात जास्त मदत झाली. ती कशी झाली ते सांगते. तुमचं गाव देवगड असो की गुहागर, रीत तीच.

आधी कुठल्याही लहान शहराचं पान वाचायला शिका. इंग्रजीतल्या जुन्या अमेरिकन पानांवर लोकसंख्येचा एक परिच्छेद असतो: इतके लोक, इतकी कुटुंबं, दर चौरस मैलाला इतकी दाटी, दर घरामागे मधलं उत्पन्न इतकं. दोन पानं शेजारी ठेवली की आकडे सोडून वाक्यं जशीच्या तशी. हे कुणा माणसाने बसून लिहिलेलं नाही. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये रॅमबॉट नावाच्या सांगकाम्याने (मराठी विकिपीडियावर बॉटला सांगकाम्या म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो) २००० च्या जनगणनेतले आकडे घेऊन आठवडाभरात तीस हजारांहून जास्त गावांची पानं तयार केली. तेव्हा तो परिच्छेद आधी हाताने झाका. खाली उरतं ते माणसांनी लिहिलेलं.

आपल्याकडेही तेच. भारतातल्या शेकडो शहरांच्या इंग्रजी पानांवर हे वाक्य होतं: २००१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या इतकी, साक्षरता इतके टक्के, आणि ती ५९.५ टक्के या राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त. जनगणनेने जाहीर केलेली साक्षरता मात्र सात वर्षांवरच्या लोकांची सुमारे ६४.८ टक्के होती. एका साच्यातला आकडा गावोगाव गेला, आणि तो वाचून प्रत्येक गावाला वाटलं, आपण सरासरीच्या वर. मी वर्गात हे फळ्यावर लिहिलं असतं तर पाचवीतल्या पोराने विचारलं असतं, बाई, मग खाली कोण? मराठीतल्या गावांच्या पानांवरही भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे हे मथळे ओळीने दिसतील आणि त्यांच्याखाली कुठल्याही गावाला चालेल असा मजकूर. आकडा उचलताना जिल्हा जनगणना पुस्तिका स्वतः उघडा आणि सोबत साल लिहा.

आता झाकलेलं सोडून उरलेली वाक्यं घ्या आणि प्रत्येकापुढे वहीत लिहा: हे आधी कुणी छापलं, आणि का? कोलंबसच्या बाबतीत उत्तर लगेच सापडतं. कमिन्सचे प्रमुख आयर्विन मिलर यांनी ठरवलं की शाळा, अग्निशमन केंद्रं बांधताना शहराने चांगला वास्तुविशारद घेतला तर त्याची फी कंपनीचं प्रतिष्ठान भरेल. त्यातून इमारती झाल्या, इमारतींवर नियतकालिकांनी लिहिलं, १९४२ ते १९७१ मधल्या सात वास्तूंना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंचा दर्जा मिळाला. इतकं छापलेलं असल्यावर पान इमारतींनी भरणारच. मक्यावर आणि मोदकांवर कुणी लिहिलं नाही, म्हणून ते नाहीत. विकिपीडियाचा नियमच तो आहे: आधी दुसरीकडे छापून आलेलं, तपासता येईल असं असेल तेवढंच इथे.

हीच वही आमच्या पानासाठी काढली आणि मला घाम फुटला. आमच्याबद्दल अलीकडे सगळ्यात जास्त कुणी छापलंय? पर्यटनवाल्यांनी. म्हणून पान उघडलं की स्वच्छ समुद्रकिनारा, नयनरम्य सूर्यास्त, अस्सल मालवणी जेवण. शेजारच्या काकी माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. म्हणाल्या, "बाई, ह्यात आमचो मासळी बाजार खंय आसा?"

तर आता लिहिण्याकडे वळू. लगेच मुख्य पानावर लिहू नका. खातं उघडलं की सदस्याला धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान, मिळते, तिथे गिरवा. पहिलं वाक्य असं हवं की ज्याने कोकण ऐकलेलंही नाही त्याला कळावं: वेंगुर्ला हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, अरबी समुद्राच्या काठावरील नगरपरिषदेचे शहर व तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. बस. माझ्या एका विद्यार्थ्याने "कोकणच्या मुकुटातील रत्न" अशी सुरुवात केली होती. त्याला म्हटलं, अरे, मुकुट कुणी पाहिला?

विशेषणाचा मोह फार. त्यावर कोलंबसचा तोडगा वापरा. त्या पानाने शहर सुंदर आहे असं स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने वास्तुकलेत त्याला देशात सहावं स्थान दिलं, एवढंच सांगितलंय. कौतुक तिऱ्हाईताच्या तोंडी घाला, नाहीतर वस्तुस्थिती सांगून गप्प बसा. आमच्याकडे सांगण्यासारखं काय कमी आहे? सतराव्या शतकात इथे डचांची वखार होती, तिचे अवशेष गावातच आहेत. समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर पाकोळी पक्षी घरटी करतात. इथल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती कोकणात बागांतून लागल्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. (मराठी विकिपीडियाचीही जन्मतारीख १ मे, साल २००३. सुट्टीच्या दिवशी आपण बरीच कामं करतो म्हणायचं.) या एकेका वाक्यापुढे "निसर्गरम्य" फिकं पडतं.

संदर्भ कुठून आणायचे? सगळ्यात आधी १८८० सालचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर, खंड दहावा, रत्नागिरी आणि सावंतवाडी. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, म्हणून आपलं गाव रत्नागिरीत शोधायचं. इथेच पुष्कळ जण हात हलवत परत येतात. ते इतकं जुनं आहे की हक्काचा प्रश्न नाही. मात्र ते इंग्रजांनी इंग्रजांसाठी लिहिलंय. व्यापार आणि बंदर घ्यावं, लोकांच्या स्वभावाबद्दलचे शेरे तिथेच ठेवावेत. त्यानंतर कृषी विद्यापीठाची प्रकाशनं, वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या फायली, हवामान खात्याचे आकडे. वेंगुर्ल्यात हवामान खात्याचं केंद्र आहे, तेव्हा पावसाचा तक्ता अंदाजाने भरायची गरज नाही.

मी स्वतः पहिल्या खेपेला तोंडावर आपटले. एका उत्सवाच्या स्मरणिकेतला सुरेख लेख होता, त्यातले तीन परिच्छेद जसेच्या तसे उतरवले, खाली संदर्भही दिला. दुसऱ्या दिवशी सगळं काढलेलं. चर्चा पानावर कारण लिहिलं होतं: प्रताधिकाराचा भंग. नाव दिलं म्हणजे उचलायची मुभा मिळत नाही. वाचायचं, पुस्तक मिटायचं, आपल्या शब्दांत लिहायचं, मग संदर्भ द्यायचा. हे मी मुलांना एकतीस वर्षं सांगत होते, ते वेगळंच.

सगळ्यात जड जातं ते आठवणी बाहेर ठेवणं. माझे सासरे मुंबईहून आगबोटीने येत. बोट खोल पाण्यात थांबायची, तिथून पडावात उतरायचं, पावसाळी हवेत कुणाची ट्रंक पाण्यात गेली की महिनाभर तोच विषय. हे मी शंभरदा ऐकलंय, पण पानावर घालता येत नाही. माझ्या घरातली आठवण कुणाला पडताळून बघता येणार? मग उलटं करा. ऐंशी-नव्वदीच्या माणसांकडे जा, तारीख-वार विचारा, लेख लिहा, वर्तमानपत्राला किंवा दिवाळी अंकाला पाठवा, तिथल्या संपादकाला तपासू द्या. छापून आलं की दुसऱ्या कुणालाही तो संदर्भ म्हणून घालता येईल. मी तसा लेख पाठवलाय. तो छापून आला तर पानावर मी स्वतः घालणार नाही, चर्चा पानावर सुचवेन. आपलंच लिखाण आपणच चिकटवणं बरं दिसत नाही.

त्याच कारणाने चुलतदिराला नाही म्हणावं लागलं. त्याला त्याच्या होमस्टेचं नाव फोन नंबरासकट हवं होतं. अजून थोडा घुश्शात आहे.

प्रसिद्ध व्यक्तींची यादी हे भांडणाचं घर. कोलंबसच्या यादीत माइक पेन्स आहेत, कारण ते तिथे जन्मले आणि पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले. मोटारशर्यतीतला टोनी स्टुअर्टही आहे. कसोटी साधी: त्या माणसावर इतरांनी स्वतंत्रपणे लिहिलंय का, आणि गावाशी नातं दाखवता येतं का. मंगेश पाडगावकर १९२९ साली वेंगुर्ल्यात जन्मले, प्रश्नच नाही. वि. स. खांडेकर जन्माने सांगलीचे, पण १९२० ते १९३८ शिरोड्याला शिक्षक होते, तर ते शिरोड्याच्या पानावर. शिरोडा वेंगुर्ला तालुक्यात असलं तरी त्याचं पान वेगळं. १९३० चा मिठाचा सत्याग्रहही तिकडेच जायला हवा. शेजारच्या गावाचं वैभव आपल्या पानावर ओढू नका. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने यादीत स्वतःचं नाव टाकलं होतं, "युवा नेते" म्हणून. दुपारपर्यंत उडालं. कुणी उडवलं ते पानाच्या इतिहासात दिसतं, त्याने पाहिलंय, आणि तो अजून मला बघून रस्ता बदलतो.

किरकोळ दोन गोष्टी. वेंगुर्ला आणि वेंगुर्ले दोन्ही लिहिलं जातं, तेव्हा एका नावाने पान ठेवून दुसऱ्याचं पुनर्निर्देशन करा (म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप याच पानावर येतो), नाहीतर दोन पानं होतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. आणि फोटो स्वतः काढलेलाच चढवा, रंग न वाढवता, खाली महिना लिहून. जूनचा समुद्र करडाच दिसतो, तो करडाच असू दे.

जतन करण्याआधी पान लेकीला पाठवलं होतं. तिने तिथल्या एका शेजारणीला इंग्रजीत सांगून दाखवलं आणि तिचा प्रश्न मला कळवला: काजूचं बी फळाच्या बाहेर असतं म्हणजे काय? मी एक वाक्य वाढवलं. आता काकींचा मासळी बाजार तेवढा धूळपाटीवर आहे. इमारत कधीची, लिलाव किती वाजता, कुठली मासळी, सगळं लिहिलंय, आणि प्रत्येक ओळीपुढे "संदर्भ हवा" असा साचा लावलाय. पुढच्या सोमवारी नगरपरिषदेत जाऊन जुने अहवाल बघायला मिळतात का ते विचारणार आहे. काकी बरोबर येते म्हणाल्या.