नाचणीच्या डब्यापासून इथिओपियापर्यंत: घरच्या जेवणातून मुलांना देशांची ओळख कशी करून द्यावी

देशांची नावे, राजधान्या आणि झेंडे पाठ करून घेतले, तर ते परीक्षेपुरते मुलांच्या लक्षात राहतात. एखाद्या देशातील माणसे काय पिकवतात, कशी जेवतात आणि तसेच का जेवतात हे घरच्या ताटातून समोर आले, की मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात. त्यासाठी महिन्यातील एक रविवारची संध्याकाळ राखून ठेवावी आणि एका वेळी एकच देश घ्यावा.

देश निवडताना बहुतेकांचा हात पिझ्झा किंवा नूडल्सकडे जातो. आम्हीही तसेच केले. मुले पोटभर जेवली, पण इटलीविषयी एकही प्रश्न आला नाही, कारण तो पदार्थ त्यांच्या लेखी कोपऱ्यावरच्या दुकानातला होता. म्हणून सुरुवात आपल्या फडताळातील डब्यांपासून करावी. नाचणीचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशात मानले जाते, आणि रोजच्या भाकरीचे धान्य समुद्रापलीकडून आले असावे हे ऐकल्यावर मुलांचे कुतूहल जागे होते. त्याच प्रदेशातील इथिओपिया पहिल्या जेवणासाठी घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

जेवणाच्या आठवडाभर आधी भिंतीवर नकाशा लावावा आणि मुलांना मुंबईपासून अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रापर्यंत बोट फिरवू द्यावे. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाल्यापासून इथिओपियाला समुद्रकिनारा उरलेला नाही, हे त्यांना नकाशावर स्वतः शोधता येते. मग मलिक अंबरची गोष्ट सांगावी. तो मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा कर्तबगार वजीर झाला आणि त्याने खडकी हे नगर वसवले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. गुलामगिरीचा भाग मुलांपासून लपवू नये. वयाला झेपेल अशा शब्दांत, पण खरा सांगावा.

आता स्वयंपाक. तिथली रोजची भाकरी म्हणजे इंजेरा. टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून ती मोठ्या गोल तव्यावर घालतात. टेफ आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून दीड वाटी नाचणीचे पीठ आणि अर्धी वाटी तांदळाचे पीठ पाण्यात घावनाच्या पिठाइतके पातळ कालवावे, त्यात विरजणासारखे दोन चमचे आंबलेले इडलीचे पीठ घालावे आणि शनिवारी सकाळी झाकून ठेवावे. रविवारी संध्याकाळी मीठ घालून ते तापलेल्या तव्यावर पसरावे, झाकण ठेवावे आणि उलटू नये. वरच्या बाजूला एकामागून एक छिद्रे फुटू लागतात, तेव्हा झाकण उचलून मुलांना ती जवळून पाहू द्यावीत. आंबताना पिठात तयार झालेला वायू बाहेर पडतो आहे, हे विज्ञान तिथेच समजावता येते.

सोबत मसुरीचे दाट कालवण करावे, त्याला तिथे मिसिर वोट म्हणतात. भरपूर बारीक कांदा आधी तेलाशिवाय मंद आचेवर परतावा, नंतर तेल, आले, लसूण, लाल तिखट, मेथीपूड, धणे आणि वेलची घालून धुतलेली मसूर डाळ शिजवावी. तिखट मुलांच्या बेताने घ्यावे. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती एरवीही बुधवारी आणि शुक्रवारी उपवास पाळतात, त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे शाकाहारी घरालाही तिथला अस्सल स्वयंपाक जसाच्या तसा करता येतो.

वाढताना वेगळी ताटे मांडू नयेत. एका मोठ्या परातीत इंजेरा अंथरून त्यावर कालवण वाढावे, सर्वांनी हात धुऊन भोवती बसावे आणि उजव्या हाताने तुकडा मोडून त्यानेच कालवण उचलावे. प्रेमाने दुसऱ्याच्या तोंडात घास भरवण्याला तिथे गुर्शा म्हणतात. आमच्या धाकटीने पहिला गुर्शा आजीला भरवला, आणि तोवर परातीकडे साशंकपणे पाहणाऱ्या आजी पुढचा घास स्वतःहून मोडू लागल्या.

जेवताना प्रश्नांचा मारा करू नये. एकच कोडे पुरे. इथिओपियात तास सूर्योदयापासून मोजण्याची पद्धत आहे, म्हणजे तिथल्या ज्या वेळेला आपण सकाळचे सात म्हणू, तिला तिथली माणसे एक वाजला म्हणतात. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे सूर्योदयाची वेळ वर्षभर फारशी बदलत नाही, त्यामुळे ही मोजणी सोयीची ठरते. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले असता तिथल्या माणसाच्या तोंडी किती वाजले असतील, हे मुलांना काढायला लावावे. दोन्ही देशांतील अडीच तासांचा फरक आधी वजा केला, तर साडेपाच उरतात आणि तिथल्या बोलीत ते दिवसाचे साडेअकरा होतात.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावी. एखादा पदार्थ आवडला नाही तर ‘मला आवडला नाही’ म्हणण्याची मुलांना मुभा असावी, पण ‘ही माणसे कसले काय खातात’ असे घरातील मोठ्यांच्याही तोंडून येऊ नये.

पुढच्या महिन्याचा देश मुलांनाच निवडू द्यावा. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले, तर बटाट्याचे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले. तेव्हा वडापावच्या निमित्ताने आधी पोर्तुगाल घ्यायचा की पेरू, हे त्यांनी नकाशापुढे उभे राहून ठरवावे.