मांजर सारखं खाजवतंय? माइट्स ओळखताना या चुका टाळा

मांजर खाजवायला लागलं की पहिला संशय पिसवांवर जातो. पिसवा डोळ्यांना दिसतात, माइट्स म्हणजे कानात किंवा त्वचेवर राहणारे अगदी बारीक परजीवी बहुतेक वेळा दिसत नाहीत, आणि तिथेच फसगत होते. खाज नेमकी कुठे आहे ते आधी बघा.

कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळपट मळ साठतोय, मांजर सारखं डोकं झटकतंय, तरी आपण साधी घाण समजून पुसत राहतो. हे कानातले माइट्स असू शकतात. इयरबड आत घालू नका, मळ आणखी खोल जातो. कानाचा पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ड्रॉप्सही नकोत. आणि दोन दिवसांत आराम पडला म्हणून औषध सोडू नका. अंड्यातून पूर्ण वाढ व्हायला या माइट्सना साधारण 3 आठवडे लागतात. त्रास पुन्हा सुरू व्हायला मागे राहिलेली अंडी पुरेशी असतात.

पाठीवरचा कोंडा म्हणजे कोरडी त्वचा, असंही धरून चालू नका. काळ्या कागदावर मांजराची पाठ विंचरा आणि पडलेला कोंडा भिंगातून मिनिटभर शांतपणे बघा. एखादा पांढरा कण सरकला, तर तो केलेटिएला माइट. घरात कुणाच्या हातांवर किंवा पोटावर खाजरं लाल पुरळ उठलं असेल, तर डॉक्टरांना तेही जरूर सांगा.

खरूजही माइट्समुळेच होते, आणि ती बहुधा कानाच्या कडेला सुरू होते. तिथून जाड, राखाडी खपल्या चेहऱ्यावर आणि मानेवर पसरतात. मांजर मुटकुळं करून झोपतं, म्हणून पंजे आणि शेपटीचं बूडही तपासा. केस गेलेला गोल चट्टा मात्र नायट्याचाही असू शकतो.

त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत काही सापडलं नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. अंग चाटताना मांजर माइट्स गिळून टाकतं. अशा वेळी डॉक्टर संशयावरूनही उपचार सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

सगळ्यात भयंकर चूक म्हणजे कुत्र्याचं औषध मांजराला लावणं. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. टी ट्री तेलही मांजरांना विषारी आहे. चुकून लावलं गेलंच, तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा.

एका मांजरात माइट्स सापडले की घरातल्या बाकीच्या मांजरांबद्दल आणि कुत्र्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा, ती खाजवत नसली तरी.